ठिबक आणि सेन्सर घेतल्यावरही दरवर्षी शिकत राहावं लागतं का?

प्रश्न जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. आठ वर्षांची मोसंबीची बाग, बाकी रानात कापूस. ठिबक बाग लावतानाच बसवलेलं, यंदा सौर पंप आला, आणि आता जमिनीतला ओलावा सांगणारं सेन्सर घ्यायचं चाललंय. जमलं तर पुढे फवारणीचा ड्रोनही. प्रत्येक वेळी कंपनीचा माणूस येऊन एकदा दाखवून गेला. वडिलांचं म्हणणं, "एकदा दाखवलं तेवढं बास, दरवर्षी काय नवीन शिकायचं त्यात?" मुलगा विचारतोय की वडिलांचं खरं का, आणि खरं नसेल तर शिकायचं म्हणजे नेमकं करायचं काय.

मी मराठवाड्यात ठिबक आणि फळबागांच्याच कामात राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शिकत राहावं लागतं, आणि त्याचं कारण तुमच्या बागेतच दिसेल. नळ्या अंथरल्या तेव्हा झाड कमरेएवढंही नव्हतं, म्हणून ड्रिपर बुंध्यालगत ठेवले. तेव्हा ते बरोबर होतं. आज झाडाचा घेर बारा-पंधरा फुटांचा झाला असेल. पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं त्या घेराच्या कडेखाली पसरली आहेत. नळी मात्र बहुतेक बागांमध्ये अजून बुंध्यालाच टेकलेली असते. मुळं कोरडी राहतात, खोड ओलं राहतं, आणि ओल्या खोडाला डिंक्या धरतो. मग शेतकरी म्हणतो, ठिबकनं झाड जगत नाही. ठिबकचा त्यात काही दोष नाही. झाड वाढलं, त्याबरोबर नळी सरकवायची असते, एका ओळीला एकाऐवजी दोन नळ्या करायच्या असतात, ड्रिपर वाढवायचे असतात. हे बसवण्याच्या दिवशी कुणी सांगत नाही, कारण त्या दिवशी त्याची गरजच नसते.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. यंत्र आहे तसंच राहतं, त्याच्याभोवतीचं झाड, पाणी, माती, कीड आणि ते चालवणारा माणूस बदलत जातो. प्रशिक्षण झालं ते यंत्राचं. बदलांचं शिक्षण बसवल्यानंतर सुरू होतं आणि ते तुमच्याच रानात घ्यावं लागतं.

पाण्याचं बघा. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, चुन्याचं. पाऊस बरा झाला की विहीर आणि वरच्या थरातलं बोअर पुरतं. दोन वर्षं ताण पडला की बोअर खाली न्यावं लागतं आणि खोल गेलं की क्षार वाढतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी किती खाली गेलं याची चर्चा त्या काळात खूप झाली, पण खालून आलेलं पाणी कसं होतं हे फार थोड्यांनी तपासून घेतलं. त्याच पाण्यावर ठिबक चालू राहिलं आणि ड्रिपरच्या तोंडाशी चुन्याचे पांढरे खडे धरले. आधी नीट चालणारा संच मग दगा देतो, तेव्हा शेतकऱ्याला वाटतं की माल हलका लागला. पाणी बदललेलं असतं, आणि बदललं हे पाण्याची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून बोअर खोल केलं किंवा नवं घेतलं की पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिलाच पाहिजे. खर्च अगदी थोडा असतो.

ड्रिपर तपासायची पद्धत सांगतो, कारण सतत शिकणं म्हणजे काय हे तिच्यातून चांगलं कळतं. ताप मोजावा तसं ठिबक मोजायचं. एक मोजपात्र घ्या, औषधाच्या डब्याबरोबर येतं तसलं चालेल, आणि मोबाइलवर वेळ लावा. ताशी 4 लिटरचा ड्रिपर 3 मिनिटांत 200 मिली पाणी देतो. सबमेनजवळच्या (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाजवळच्या) पहिल्या नळीचा पहिला ड्रिपर, मधला, शेवटचा. मग मधल्या नळीचे तीन, मग शेवटच्या नळीचे तीन. आकडे वहीत तारखेसह लिहायचे. 180 च्या वर सगळे असतील तर काळजी नाही. शेवटच्या नळीचा शेवटचा ड्रिपर 120 देत असेल आणि पहिला 200, तर एक तर दाब पोचत नाही किंवा टोकाला गाळ बसलाय. टोकाची बूच काढून नळी धुऊन बघा. लाल-काळं चिकट पाणी आलं तर शेवाळ आणि गाळ, पांढरं भुरकट आलं तर चुना. सगळेच ड्रिपर सारखे कमी देत असतील तर नळ्यांना हात लावू नका, फिल्टरकडे जा. वाळूच्या फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबमापकात चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर उलट पाण्यानं धुवायचा. बऱ्याच शेतांवर दाबमापकाची काच फुटलेली असते नाही तर काटा शून्यावर अडकलेला असतो आणि तो कुणी बदललेला नसतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. लाखाचा संच असतो आणि तो कसा चाललाय हे सांगणारी एकच वस्तू बंद पडलेली असते.

चुना धरला असेल तर आम्लाची प्रक्रिया. इथेही दुसऱ्याचं प्रमाण उचलून चालत नाही. शेजाऱ्यानं एवढं लिटर घातलं म्हणून आपणही तेवढंच, असं करू नका. आपल्या बोअरचं एक बादली पाणी घ्यायचं, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं सोडत सामू (पीएच) मोजायच्या कागदानं बघत राहायचं आणि सामू 4 वर आला की किती आम्ल लागलं ते मोजायचं. त्यावरून पूर्ण संचाचा हिशोब निघतो. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. आम्लाचं पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचलं की मोटार बंद करून नळ्या तशाच एक दिवस ठेवायच्या, मग टोकं उघडून भरपूर पाण्यानं धुवायच्या. पुढच्या वर्षी हाच बादलीचा प्रयोग पुन्हा करायचा. पाणी बदललेलं असेल तर आकडाही बदलेल.

आता पाणी किती वेळ द्यायचं ते. बहुतेक ठिकाणी ठिबक ठरलेल्या तासांवर चालतं, तीन तास म्हणजे तीन तास, मग मे असो की जानेवारी. हिशोब करून बघा. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला 10 मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या मोसंबीच्या झाडाला 36 चौरस मीटर जागा आहे. 10 ला बाष्पीभवन पात्राचा गुणांक 0.7, पुन्हा पिकाचा गुणांक 0.7, मग 36 आणि ओल्या होणाऱ्या भागाचे 0.4 यांनी गुणलं की झाडाला दिवसाला जवळपास 70 लिटर येतात. चार लिटरचे चार ड्रिपर असतील तर सुमारे साडेचार तास. बहारासाठी बागेला दिलेला पाण्याचा ताण तोडल्यावर जानेवारीत बाष्पीभवन 4 मिलिमीटर असेल, तर 28 लिटर, म्हणजे पावणेदोन तास. तीन तासांच्या सवयीनं उन्हाळ्यात झाड उपाशी राहतं आणि हिवाळ्यात पाण्यात बसतं. गुणांक झाडाच्या वयावर, बहारावर अवलंबून असतात, म्हणून हा हिशोब दर हंगामाला नव्यानं करावा लागतो. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो वाचत चला. पाऊस, तापमान, वारा याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज त्यात असतो.

खतांबद्दल एकच गोष्ट सांगतो. कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:0 हे स्फुरदाचं विद्राव्य खत एका टाकीत कालवू नका, त्याचा पांढरा साका होतो आणि तो ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. नवं कोणतंही खत आणलं की आधी पारदर्शक बाटलीत आपल्याच पाण्यात कालवून अर्धा-एक तास ठेवून बघायचं. पाणी गढूळ झालं किंवा तळाशी काही बसलं तर ते एकत्र द्यायचं नाही. दुकानदाराला विचारण्यापेक्षा बाटली खरं सांगते.

सेन्सरबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. घ्यायला हरकत नाही, पण काळ्या जमिनीत ते कसं वागतं हे आधी समजून घ्या. आपली भारी काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, भेगाळते. सेन्सर पुरलेल्या जागी भेग पडली की त्याचा मातीशी संबंध सुटतो, आजूबाजूला हवा येते, आणि मोबाइलवर आकडा येतो, रान कोरडंठाक. प्रत्यक्षात चार बोटं बाजूला ओल असते. दुसरी गोष्ट, चिकण मातीत पाणी भरपूर असलं तरी त्यातलं बरंच मातीच धरून ठेवते, झाडाला ते मिळत नाही. सेन्सर कारखान्यातून आला तेव्हा तो बहुधा मध्यम, पोयट्याच्या मातीला जुळवलेला असतो. त्यामुळे त्याच्यातली हिरवी-लाल रेघ तुमच्या रानाला जशीच्या तशी लागू पडत नाही. पहिला हंगाम त्या रेघेवर पाणी सोडू नका. घेराच्या कडेला एक सेन्सर फूटभर खोल आणि दुसरा दोन फुटांवर बसवा, आणि आठवड्यातून एकदा गिरमिटानं त्याच खोलीची माती काढून मुठीत दाबून बघा. गोळा होऊन बोटांचे ठसे उमटले तर ओल पुरेशी आहे. गोळा होतो पण टिचकीनं फुटतो तर पाण्याची वेळ आलीय. गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. मुठीचा निकाल आणि मोबाइलवरचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. हंगामाच्या शेवटी तुमच्या रानाची रेघ कुठे आहे ते तुम्हाला कळलेलं असेल. हे कंपनीचा माणूस शिकवू शकत नाही, कारण त्याला तुमची माती माहीत नाही.

इथे वडिलांची फार मोठी गरज आहे. मुठीत माती दाबून ओल सांगणं, ढेकूळ फोडून वाफसा ओळखणं हे त्यांच्या हातात आहे. सेन्सर त्यांच्या हाताशी जुळवून घ्यायचा आहे. त्यांना असं म्हणून बघा, "आबा, मशीन असं दाखवतंय, तुम्ही बघा बरं." मला खात्री आहे की ते गिरमिट घेऊन पुढे चालतील. वडिलांना शिकणं नको असतं असं मला कधी वाटलं नाही. आपल्या माहितीला काही किंमत राहिली नाही, ही भावना त्यांना नको असते.

आता कापसाबद्दल, आणि इथे मी जरा थांबून लिहिणार आहे. एकदा शिकलं की झालं, या समजुतीची सगळ्यात मोठी किंमत मराठवाड्यानं कापसातच मोजली.

तंत्रज्ञान तुमच्या जिल्ह्यातूनच आलं म्हटलं तरी चालेल. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 26 मार्च 2002 रोजी बीटी कापसाच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या, ज्या पहिल्या तीन संकरित वाणांना देशात परवानगी मिळाली, ती महिकोचीच. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. पुढच्या काही वर्षांत देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला. सुरुवातीची वर्षं ज्यांना आठवतात त्यांना माहीत आहे, बोंडअळीसाठीच्या फवारण्या किती कमी झाल्या ते. लोकांनी हे वाण आनंदानं स्वीकारलं आणि त्यांचं चुकलं नाही.

पण त्या बियाण्याबरोबर एक अट होती. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी यायची. रानाच्या कडेनं पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल तेवढ्यावर ते लावायचं. कारण साधं आहे. बीटी खाऊनही जगणाऱ्या अळ्या अगदी थोड्या असतात. त्यांच्या पतंगांना आजूबाजूला साध्या कापसावर वाढलेले भरपूर पतंग मिळाले, तर पुढची पिढी बहुतांशी बीटीला बळी पडणारीच राहते. कडेला साधा कापूसच नसेल, तर जगलेले पतंग जगलेल्यांशीच जुळतात आणि प्रतिकार पिढ्यानपिढ्या घट्ट होत जातो. ही पुडी बहुतेकांनी बांधावर टाकून दिली. अट का घातली हे पुन्हा पुन्हा समजावून सांगणारं कुणी नव्हतं, आणि पहिली चार-पाच वर्षं ती न पाळूनही काही बिघडलं नाही.

भरीला फरदड. पाणी असलं की कापूस डिसेंबरनंतरही ठेवायचा, आणखी एक वेचणी काढायची. गुलाबी बोंडअळी जवळजवळ कापसावरच जगते. तिला बारा महिने कापूस मिळाला आणि तिचं चक्र कुठे तुटलंच नाही. 2010 च्या सुमारास गुजरातमध्ये एका जनुकाच्या बीटीला ती दाद देत नसल्याचं पुढे आलं. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात दोन जनुकांच्या बीटीवरही तिनं धुमाकूळ घातला. जालना, परभणी, बीडमध्ये लोकांनी उभ्या कापसात नांगर घातला, जनावरं सोडली. बियाणं बदललं नव्हतं. कीड बदलली होती, आणि आपण 2002 मध्ये जे शिकलो तेवढ्यावरच उभे होतो.

गुलाबी अळीचं आणखी एक आहे. अंड्यातून निघाली की ती लगेच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टवटवीत दिसतं. ज्यांना अमेरिकन बोंडअळी बघायची सवय होती ते पानावर, बोंडावर अळी शोधत राहिले आणि त्यांना काही दिसलं नाही. जुनी नजर नव्या किडीला पुरली नाही. आता काय करायचं ते सांगतो. पेरणीनंतर दीड महिन्यानं एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावा, त्यातली वासाची वडी कंपनीनं दिलेल्या मुदतीत बदला. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले तर धोका. फुलं लागली की डोमकळ्या शोधा, न उमललेल्या, पाकळ्या गुंडाळलेल्या गुलाबासारख्या दिसतात, त्या तोडून नष्ट करा. बोंडं धरली की आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडून ती फोडून बघा. दोनात अळी निघाली तर उपाय करायची वेळ झाली. आणि डिसेंबरअखेर रान मोकळं करा, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर रचून ठेवू नका. बोंडं फोडून बघणं हे काम कंटाळवाणं आहे खरं. पण तेवढं केलं की फवारणी करायची का नाही हे तुम्ही स्वतः ठरवता, नाही तर ते कृषी सेवा केंद्रवाला ठरवतो.

फवारणीचा विषय निघालाच आहे म्हणून, 2017 मध्येच शेजारी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. बोंडअळीच्या धास्तीनं औषधांची मिश्रणं होत होती, जोराचे पंप होते, उंच वाढलेल्या कापसात माणूस उघड्या तोंडानं उभा होता. नवं औषध आणि नवा पंप हातात देताना ते कसं वापरायचं हे शिकवायचं राहिलं की नुसता पैसा जात नाही, माणूस जातो. म्हणून ड्रोनबद्दल मी जरा सावध बोलतो.

ड्रोनच्या टाकीत साधारण 10 लिटर बसतं आणि तेवढ्यात एक एकर होतं. पाठीवरच्या पंपानं मोठ्या कापसाला एकरी दीडशे-दोनशे लिटर लागतं. औषधाचं एकरी प्रमाण तेच ठेवायचं असतं, म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंपातल्यापेक्षा पंधरा-वीसपट तीव्र असतं. थेंब बारीक असतात, वाऱ्यानं दूर जातात. तुमच्या भागात रेशीम करणारे पुष्कळ आहेत, जालन्यात कोषांची बाजारपेठच आहे. शेजाऱ्याच्या तुतीवर तुमच्या औषधाचा वारा गेला तर त्याची सगळी बॅच जाईल, आणि पानावर काही दिसणारही नाही. ड्रोन उडवायला डीजीसीएनं (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते 10 वर्षं चालतं. 10 वर्षांत औषधं किती बदलतील याचा विचार करा. प्रमाणपत्र उडवण्याचं आहे, कोणतं औषध, किती वाऱ्यात, कुणाच्या बांधाशेजारी, हे दर हंगामाला शिकायचं आहे. मला विचाराल तर यंदा ड्रोन विकत घेऊ नका, भाड्यानं आणा, आणि तो चालवणाऱ्याबरोबर रानात उभे राहून दोन हंगाम बघा.

सौर पंपाचं थोडक्यात. सकाळी आठ-नऊला ऊन कमी, पाणी कमी, दाब कमी. दुपारी दाब चढतो. वीज पंपावर तुम्ही जेवढा पट्टा एका वेळी चालवत होता तेवढाच सकाळी सौर पंपावर चालवला तर शेवटच्या ड्रिपरला पाणी जाणार नाही. सकाळी छोटा पट्टा, दुपारी मोठा. मोजपात्र घेऊन सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजा, लगेच कळेल. पॅनेलवरची धूळ ऊन नसताना धुवा, आणि जड पाणी काचेवर वाळू देऊ नका, त्याचे डाग बसतात.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती. शिकतो कोण? प्रशिक्षणाला जातो मालक, नाही तर मालकाचा मुलगा. व्हॉल्व्ह उघडतो सालगडी. खत कालवते घरची बाई. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. तो गेला की फिल्टर कधी धुवायचा, कोणत्या पट्ट्याला किती वेळ, कुठला जोड गळतो, हे सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. बीड, जालन्याकडून दिवाळीच्या आगेमागे हजारो जोडपी उसतोडीला जातात. प्रशिक्षणं पुष्कळदा नेमकी त्याच काळात लागतात. मग ज्यांच्या हातानं काम होतं तेच वर्गात नसतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पाडव्याला नवं साल ठरलं की पहिल्या आठवड्यातच नव्या माणसाला घेऊन पूर्ण संचावरून चाला, मोजपात्र त्याच्या हातात द्या, आकडे त्याच्याकडून लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगायचं, तुम्ही लिहायचं. व्हॉल्व्हवर रंगानं पट्ट्याचा नंबर टाका. घरातल्या बाईला सेन्सरचं अ‍ॅप तिच्या मोबाइलवर द्या. रानात तीच जास्त असते, आकडा बदलला की पहिल्यांदा तिच्याच लक्षात येईल.

कुणाकडून शिकायचं? तुम्हाला फार लांब जावं लागत नाही. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे आणि तिथे शेतकरी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून बोलण्याची जुनी परंपरा आहे. बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. तिकडे जाताना वही घेऊन जा. "माझी बाग पिवळी पडतेय" असं सांगितलं की उत्तर मोघम मिळतं. "शेवटच्या नळीला 3 मिनिटांत 120 मिली येतंय, पाण्याचा सामू एवढा, दोन फुटांवर माती अशी" असं सांगितलं की शास्त्रज्ञालाही उत्साह येतो आणि उत्तर कामाचं मिळतं.

आणि एकदा कडवंचीला जाऊन या. जालना तालुक्यातलं हे गाव. 1990 च्या दशकात कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे पाणलोटाचं काम झालं. बांध घातले, पाणी अडलं, हे बाकीच्या गावांतही झालं. कडवंचीची माणसं तिथे थांबली नाहीत. अडलेल्या पाण्यावर द्राक्षं आणली. द्राक्ष म्हणजे एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, प्रत्येक डोळ्याचा हिशोब वेगळा. ते शिकले. मग प्लास्टिक अंथरलेली शेततळी केली, ती सांभाळायला शिकले. ज्या वर्षी पाऊस पडला नाही त्या वर्षी बागा कशा जगवायच्या हेही एकमेकांच्या मळ्यात जाऊन शिकले. तिथल्या कुणाच्याही बागेत जाऊन उभे राहिलात तर तो आधी मागच्या वर्षी काय चुकलं ते सांगतो. मला ते गाव त्यासाठी आवडतं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात नऊ ड्रिपर मोजा आणि दाबमापक बदला. पाण्याचा नमुना द्या. नळ्या बुंध्यापासून काढून घेराच्या कडेला न्या, हे काम ताणाच्या काळात सोपं जातं. सेन्सर एकच पट्टा धरून दोन घ्या, पूर्ण बागेला नको. कापसासाठी सापळ्यांची आणि बोंडांची नोंद त्याच वहीत पाठीमागून सुरू करा. पुढच्या बहाराला पहिली पानं उघडून आकडे शेजारी ठेवलेत की कुठे काय बदललं ते दिसेल, आणि पुढे काय शिकायचं हेही त्यातूनच निघेल. बहार धरताना काही अडलं तर पाण्याचा अहवाल आणि ड्रिपरचे आकडे पाठवा, त्यावरून आम्लाचा आणि पाण्याच्या वेळेचा हिशोब करून देतो.